दौलत चिटणीस झाला तो बहार

माघ लागला की मोर्शीच्या रस्त्यानं जाणारा जो तो नाक वर करतो. मोटारवाले मोटार थांबवतात, बैलांच्या दमणीतल्या बाया पदर बाजूला करून श्वास ओढतात, आणि अमरावतीहून आलेले मास्तर लोक तर डोळेच मिटून घेतात. "काय सुवास आहे हो तुमच्याकडे," म्हणतात. संत्र्याचा आंबिया बहार फुटलेला असतो. झाडं पांढऱ्या बारक्या फुलांनी भरून जातात आणि वास असा सुटतो की चुलीवर भाकर भाजत असली तरी तिचा वास लागत नाही. मी हो हो म्हणतो. बाग माझीच, नाही कसं म्हणणार? पण खरं विचाराल तर त्या वासानं माझं पित्त खवळतं. दर साली खवळतं. तो वास आला की मला दौलत आठवतो.

दौलत म्हणजे दौलतराव, आमच्या पक्षाचा मध्यप्रांत-वऱ्हाडचा सरचिटणीस. नागपुरात असतो. त्याला विचारल्याशिवाय तिथे कुणाला तिकीट मिळत नाही, आणि तो खोलीत आला की मंत्रीसुद्धा पाय खाली घेऊन बसतात, असं सांगणारे सांगतात. आधी तो जिल्ह्याचा चिटणीस झाला, मग अकोल्याला बसून साऱ्या वऱ्हाडाचा, आणि आता अख्ख्या प्रांताचा. मोर्शीच्या शाळेत आम्ही शेजारी बसायचो. त्यांची कपाशीची काळी जमीन आणि आमचा संत्र्याचा मळा यांच्यामधे फक्त एक नाला आहे. त्या नाल्यात आम्ही दोघांनी एकमेकांना किती वेळा ढकललं असेल त्याचा हिशेब नाही.

मी त्याच्यावर जळतो. हे एकदा लिहून टाकलेलं बरं. शिकलेले लोक असूया म्हणतात, मत्सर म्हणतात. ते शब्द कीर्तनात बरे वाटतात. आमच्याकडे 'जळते लेकाचा' म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण इथे, बरगडीच्या खाली, खरंच जळतं. ताक प्यालं तरी थांबत नाही. लिहिताना मी शाळेत शिकवलेली मराठी लिहितो, पण जळताना मी वऱ्हाडीतच जळतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बहार आपला आपण येतो. तसं नसतं. मार्गशीर्षात झाडाचं पाणी तोडावं लागतं. थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, कडेनं वळतात, पिवळी पडून गळायला लागतात. नवखा बागवान इथेच घाबरतो आणि मोट जुंपतो, की संपलं, मग नुसता पाला फुटतो. याला आम्ही ताण देणं म्हणतो. झाड तहानेलं की त्याला आपलं मरण दिसतं आणि ते फुलावर येतं, असं माझा बाप सांगायचा. मी लहानपणी केविलवाणा होऊन झाडांकडे पाहायचो, तर तो म्हणायचा, "त्याईच्या तोंडाकडं पाहू नोको. आपून पायलं की आपल्यालेच रायवत नाही." मग पौषात झाडांच्या बुंध्याभोवतीची आळी उकरून शेणखत घालायचं, आणि एका दिवशी पहिलं पाणी सोडायचं, तेही हलकं. त्यानंतर काही दिवसांनी सकाळी बागेत गेलं की फांदीफांदीवर पांढरे मणी दिसतात. इतकं सगळं माणसाच्या हातात असतं म्हणून बागवानाला थोडा माज असतो. मला तर भरपूर होता.

त्या हिवाळ्यात इलेक्शन आलं होतं. इंग्रज सरकारनं आमच्यासारख्या पुष्कळांना प्रथमच मत दिलं होतं, आणि साऱ्या वऱ्हाडात लगीनघाई उसळली होती. दौलत आणि मी दोघंही पक्षाचे. बैलगाडीत सतरंज्या, कंदील आणि झेंडे घालून आम्ही गावोगाव हिंडायचो. ज्वारी हुरड्यावर आलेली. कुठल्याही शेताशी गाडी थांबवली की शेतकरी आगटी पेटवायचा, कोवळी कणसं भाजून तळहातावर चोळायचा, आणि लसणाच्या तिखटाबरोबर गरम गरम दाणे आमच्या ओंजळीत ओतायचा. त्या हुरड्यासारखा हुरडा पुन्हा खाल्ला नाही. आता कुणी आणून दिला तरी दाताखाली कचकच लागते, आणि गोदा म्हणते, "हुरड्याले नावं नोका ठेवू. दात तुमचे किडले."

गोदा म्हणजे माझी बायको. तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते.

भाषण मी करायचो. हे मी सांगतो म्हणून नाही, चांदूर बाजारच्या भाजीवाल्यांना विचारा, त्यातले काही अजून आहेत. भर बाजारात संत्र्याच्या पेटीवर उभा राहिलो की मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बायासुद्धा हात थांबवायच्या. एकदा एकजण मधेच ओरडला, "अबे माळ्या, तू संत्री इक, राज्य तुले काय समजते?" मी म्हटलं, "भौ, नासकं संत्रं वरून पिवळंधम्मक दिसते, ते मले समजते. सरकारचंही वरून लय पिवळं हाय." हसून हसून लोक लवले. तो ओरडणाराच पुढे येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला. आणि दौलत त्या वेळी काय करत होता? सतरंजीची एक बाजू वाऱ्यानं उडत होती, तिच्यावर दगड ठेवत होता.

सभा संपली की मी घाम पुशीत बसायचो आणि तो म्हाताऱ्याकोताऱ्यांत जाऊन उकिडवा बसायचा. "काका, तुमच्या ढवळ्या बैलाचा खूर बरा झाला काय?" अशी सुरुवात. त्या काकाला तो आयुष्यात एकदाच भेटलेला असायचा. बैलाचं त्याच्या ध्यानात कसं राहायचं, देवाला ठाऊक. मी त्याला परतताना विचारायचो, "दौलत, तू बोलत काहून नाही बे सभेत?"

"तू बोलतं नं. मी आयकून राहिलो."

"अन् मी नसलो तं?"

"तं सभाच नाही होत, गड्या," असं तो म्हणायचा आणि बैलाची शेपटी पिळायचा. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आता वाटतं, इतकं बरं वाटायला नको होतं.

अंजनगाव सुर्जीच्या सभेला अमरावतीचे वकीलसाहेब आले होते. जिल्ह्यात पक्षाची सगळी सूत्रं त्यांच्याकडे. माझं भाषण झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सदाशिवराव, जिल्ह्याला तुमच्यासारखा माणूस हवा," म्हणाले. मला राव म्हणणारे ते पहिलेच. खांद्यावरचा तो हात मी पुढे कितीतरी दिवस तिथेच घेऊन फिरलो. मात्र परत निघताना त्यांनी मोटारीत आपल्या शेजारी दौलतला बसवलं. कोणत्या गावात कोण आपला, कोण फुटायचा, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे विचारायला. मी त्याच मोटारीत मागे सतरंज्यांवर बसलो. दौलतचं पुढे चाललेलं खालच्या आवाजातलं बोलणं, आणि वकीलसाहेबांची दर थोड्या वेळानं हलणारी मान. तेव्हाच पहिल्यांदा बरगडीखाली चटका बसला. मी तो सतरंजीवरच्या हादऱ्यांवर ढकलला.

संक्रांत झाली आणि निरोप आला. रविवारी दुपारी वकीलसाहेबांच्या बंगल्यावर बैठक आहे, जिल्ह्याचा चिटणीस ठरवायचा आहे, सगळ्यांनी यावं.

आता इथे माझ्यातला बागवान आडवा आला. दुसरा कुणी असता तर टोपी घालून सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं गेला असता, चार जणांना भेटला असता, आपली इच्छा कानावर घातली असती. मी विचार केला, मागणाराला कोण विचारतो? बाग मी वाढवलेली. झाडाला जितकं तहानेलं ठेवावं तितकं ते भरून देतं. पक्षालाही जरा ताण देऊ. आपण गेलो नाही की त्यांना कळेल की आपल्यावाचून अडतं. बैठकीत कुणीतरी म्हणेल, सदाशिव कुठे आहे? वकीलसाहेब मोटार पाठवतील. मोटार माझ्या दाराशी येईल, मी थोडं नको नको म्हणेन, आणि मग जाईन. असा माणूस चिटणीस झाला तर त्याची वट वेगळीच राहते. हा सगळा शहाणपणा मी एकट्यानं, बैलांना पेंड चारता चारता केला, आणि निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "सांगजा, बागेले पह्यलं पानी सोडाचं हाय. जमत नाही."

पहिलं पाणी त्याच रविवारी सोडायचं होतं, ते खोटं नव्हतं.

तो दिवस मला तासातासानं आठवतो. हवा कोरडी, ऊन कोवळं, आणि विहिरीवर दव सुकायच्या आत मी मोट जुंपली. गोदाला म्हटलं, माझं चांगलं धोतर धुऊन वाळत घाल आणि टोपीला इस्त्री म्हणून तांब्या फिरव. तिनं विचारलं, काहून? मी म्हटलं, असंच. धोतर वाळल्यावर मी ते नेसूनच मोटेवर उभा राहिलो. चिखलाचं काम आणि अंगावर पांढरंशुभ्र धोतर. शेजारच्या मळ्यातला म्हातारा ते पाहून मान हलवत गेला. मोटार कधी येईल याचा नेम नव्हता. बैल मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, ओढत उतरणीनं खाली जात तेव्हा मी गाणं म्हणायचो, आणि ते वर येत तेव्हा मोर्शीच्या रस्त्याकडे पाहायचो. धूळ उठली की वाटायचं, आली. बैलगाडी असायची. मग पुढची धूळ. पाणी पाटानं खळखळ जात होतं आणि तहानेली आळी ते असं पीत होती की वरती बुडबुडे येत. मी झाडांना म्हणत होतो, प्या लेको, आज आपलं सगळ्यांचं भागणार आहे.

ऊन कललं. पाणी शेवटच्या ओळीला पोचलं. मी बैल सोडले, आणि तसाच बांधावर बसून राहिलो. मोटार आली नाही.

दुसऱ्या दिवशी मोर्शीच्या बाजारात पानवाल्यानं कळवलं. कात लावता लावता म्हणाला, "आयकलं काय? आपला दौलत झाला ना चिटनीस जिल्ह्याचा. तुमी नोहते काय तथी?" मी म्हटलं, "मले येळ कुठचा?" आणि पान तोंडात घातलं. चुना जास्त झाला होता की काय, पण जीभ पोळली.

आणि मग बहार आला. असा बहार त्याच्या आधी आला नाही आणि नंतरही आला नाही. पान दिसेना. रस्त्यावरून जाणारे थांबून थांबून नाक वर करत, आणि मी आतल्या खोलीत दार लोटून बसे. गोदाला वाटलं मला हिवताप आला, तिनं काढा करून दिला. तो काढासुद्धा त्या वासाचाच लागला. झाडांनी ताण सोसून दिलं, पक्षानं दिलं नाही. यात चूक झाडाची नाही, पक्षाचीही नाही, असं म्हणण्याइतका शहाणा मी अजूनही झालेलो नाही. माझ्या मते पक्षाचीच आहे.

अकोल्याला साऱ्या वऱ्हाडाची मोठी सभा झाली, तिला मी गेलो. न जाऊन करतो काय. कापसाच्या गाड्यांनी जिनिंगचे रस्ते तुंबलेले, हवेत सरकीची धूळ, आणि मैदानावर माणूसच माणूस. मंचावर दौलत होता. बसलेला नव्हता. चिटणीस बसत नाही. तो पुढाऱ्यांच्या खुर्च्या सारत होता, कुणाच्या कानाशी वाकत होता, कुणाला पाणी पुढे करत होता, आणि प्रत्येक पुढारी बोलायला उठण्याआधी त्याच्याकडे एकदा पाहत होता. त्या पाहण्यावर मी जळलो. भाषण मला त्याच्यापेक्षा चांगलं करता येत होतं, त्यावर जळायचं कारण नव्हतं. पण ते पाहणं? ते कुठून आणायचं? सभा संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला. "सदा, जेवला काय बे?" म्हणाला. मी म्हटलं, जेवलो. उपाशीच होतो.

त्यानंतर दौलतची गाडी रुळावर चढली आणि मी फाटकापाशी उभं राहून डबे पाहत राहिलो. अमरावतीत दोन पुढाऱ्यांचं भांडण पेटलं, ते त्यानं दोघांना एका ताटात रोडगे-वरण खायला बसवून मिटवलं म्हणे. ही गोष्ट मला निदान दहा तोंडांनी ऐकवली, आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं, "रोडगे कच्चे असन, म्हणून गप बसले." तो वऱ्हाडाचा चिटणीस होऊन अकोल्याला राहायला गेला. मी आमच्या घराची कौलं बदलली. त्याचं नाव पेपरात यायला लागलं. मी पेपर बंद केला, मग चोरून शाळेत जाऊन वाचायला लागलो.

पुढे चळवळ झाली आणि त्याला तुरुंगात टाकलं, तेव्हा गाव रडलं. मी पण तोंड पाडून बसलो होतो, पण मनात काय चाललं होतं ते सांगतो. मला त्याच्या तुरुंगाचाही हेवा वाटला. सरकारनं त्याच्यासाठी पोलीस पाठवले, मोटार पाठवली. माझ्याकडे एक पट्टेवालासुद्धा आला नाही. मी बांधावर उभा राहून जरा मोठ्यानं घोषणाही दिली होती. फौजदार सायकलवरून जाताना म्हणाला, "सदाशिवराव, संत्री काय भाव देता?" आता यावर माणसानं काय करावं?

आणि तो सुटून आला तेव्हा त्याच्या मिरवणुकीत फुलं आमच्याच मळ्यातली होती.

कधी कधी मी दौलतच्या जागी बसून पाहतो. म्हणजे दुपारी बाजेवर पडल्या पडल्या. नागपूरची कचेरी, बाहेर ताटकळणारी माणसं, टेलिफोन. जबलपूरचा कुणी हिंदीतून तावातावानं बोलतोय आणि मी त्याला हसत हसत गार करतोय. मग माझ्या ध्यानात येतं की त्या कचेरीत मी भाषणच करतोय. खुर्ची कुणाची सरकली, कुणाचा खूर बरा झाला, याकडे माझं ध्यान नाही. चिटणीसपण मला स्वप्नातसुद्धा नीट जमत नाही. याचाही राग येतो. पण ज्याला जे जमत नाही त्यानं ते मागूच नये, असा काही कायदा आहे काय? मला पाहिजे होतं. आणि पाहिजे आहे असं मी कधी कुणाला बोललो नाही. गोदालाही नाही.

यंदाच्या माघात, स्वराज्य आल्यावर पहिल्यांदाच, दौलत गावी आला. भर दुपारी, एकटाच, पायी. बाग फुलावर आलेली. मी आळ्यातलं गवत खुरपत होतो. वर पाहिलं तर खादीचा सदरा, हातात चप्पल, आणि डोक्याचे केस अकाली पार पांढरे. तो वाळला होता.

"या दौलतराव," मी म्हटलं. "नागपूर कसं सोडलं?"

"दौलतराव काहून म्हनतं बे? सरक तिकडं," म्हणाला, आणि माझ्या शेजारी मातीतच बसला. त्यानं डोळे मिटून वास घेतला. आता हाही सुवास म्हणणार, असं मला वाटलं. त्यानं नुसती चप्पल बाजूला ठेवली.

गोदानं चहा आणून ठेवला. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "थकलो, सदा. सकाळी दार उघडलं की मागनारे. याले तिकीट पायजे, त्याले कमिटी पायजे. मानूस पायरी चढते तवाच मले समजते, हा काय मागाले आला. न मागनारा मानूस मी आजपावेतो एकच पायला."

"कोन?"

"तू."

मला हसू आलं. वाईट हसू होतं ते.

"हास नोको. तुले सांगतलं नाही म्या कवा. त्या साली बंगल्यावर बैठक होती नं, वकीलसायबानं सुरूच नाही केली. म्हने, सदाशिवराव आल्याबिगर चिटनीस कसा ठरवता? मले मोटर देल्ली. जा, घेऊन ये."

खुरपं माझ्या हातातच राहिलं.

"त्याच सकाळी तुमच्या रस्त्यावरचा पूल खचला होता, बैलगाड्याच काय त्या निघत होत्या, म्हनून मोटर पलीकडच्या वाटेनं आनली. नाल्याशी ठेवली, अन् आमच्या वावरातून पायी आलो. बांधावर चढलो. तं तू मोटेवर. पांढरं धोतर, अन् मोठ्यानं गाऊन राहिला होता. बैलही तुह्या गान्यावर चालून राहिले होते. मी लय येळ उभा होतो, सदा. असा सुखी मानूस मी पायला नाही अजून. मनात आलं, याले काहून ओढतं या भानगडीत? मागंच फिरलो. तथी जाऊन सांगतलं, तो येत नाही, बागेतच खुश हाय. तं मंग त्याईनं माह्यं नाव घेतलं."

मोटार रस्त्यानं येणार म्हणून मी दिवसभर रस्त्याकडे पाहत होतो. नाला माझ्या पाठीशी होता.

एकदा मनात आलं, हा चिटणीस आहे. दोन भांडणाऱ्यांना एका ताटात जेवू घालणारा आहे. मलाही तो आज गोड बोलून गार करतोय की काय? पण मी कोणतं गाणं म्हणत होतो ते त्यानं सांगितलं, आणि कोणत्या ओळीशी मी चुकायचो तेही. ते मला स्वतःलाच आठवत नव्हतं.

"दौलत," मी म्हटलं, "मी तुमच्या मोटरचीच वाट पाहून राहिलो होतो बे. मले पायजे होतं ते चिटनीसपन."

त्याचा कप ओठाशी थांबला. "खरं?"

"खरं."

"मंग तू गाऊन काहून राहिला होता?"

"मोटर येईन म्हनून."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. आयुष्यभर माणसं ओळखून ज्यानं प्रांत चालवला, त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्या हातातलं खुरपं घेऊन तो आळ्यातलं गवत काढू लागला. त्या कपात माशी पडली. मग तो उठला, धोतराची माती झाडली. "मी हाक मारली असती तं?" एवढंच म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता नाल्याकडून निघून गेला. या खेपेला त्याचं जाणं मी शेवटपर्यंत पाहिलं.

गोदा कपबशा उचलायला आली. "काय म्हनत होते दौलतभाऊ?"

मी तिला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत न बोललेलंही सांगितलं, की मी कशाची वाट पाहत होतो आणि ते धोतर कशासाठी होतं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती कपातली माशी काढत होती.

"तुमी सुखी होते म्हनाले दौलतभाऊ, ते खोटं नाही," ती म्हणाली. "त्या रविवारी मी भाकर घेऊन आली तं तुमी मले मोटेच्या नाड्यावर बसवलं होतं. बैल खाली चालले तं मी किंचाळली, तुमी हासले, अन् परत बसवलं. तुमच्या मायनं पायलं असतं तं जीव घेतला असता माहा." तिनं माशी फेकून दिली. "मले वाटलं, बागेले पह्यलं पानी सोडलं की तुमाले असंच होत असन. मंग दर साली त्या दिवशी मी भाकर घेऊन लवकर येत होती. तुमी कवा गायले नाही. मी काही बोलली नाही."

ती विहिरीकडे गेली. तिथे कपबशा विसळल्याचा आवाज येत होता. दौलतवर मी इतकी वर्षं जळलो आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. त्या दुपारी बरगडीखाली पुन्हा जळायला लागलं, तेव्हा समोर दौलत नव्हता. माझंच धोतर नेसलेला एक तरणा माणूस होता, आणि तो माझ्या बायकोला नाड्यावर बसवून मोठ्यानं गात होता.